सूचना : एक शब्द, दोन दिशा

नगरपालिकेच्या कारभारात ‘सूचना’ या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि ते समोरासमोरून येतात. पालिका नागरिकांना जे कळवते ती सूचना आणि नागरिक पालिकेला जे सुचवतात तीही सूचनाच. ‘जाहीर सूचना’ असा मथळा घेऊन कागद निघतो आणि त्याच कागदाच्या शेवटी ‘हरकती व सूचना’ मागवलेल्या असतात. डोक्यावरचा शब्द कार्यालयाचा, पायथ्याचा शब्द गावाचा. पहिली दिशा सगळ्यांच्या ओळखीची आहे : पाणी येणार नाही, कर भरा, कचरा वेगळा करून द्या. दुसरी दिशा कायद्यात तितकीच पक्की लिहिलेली असून वापरात मात्र क्षीण राहिली आहे. महाराष्ट्रातील नगरपरिषदांच्या सूचना समजून घ्यायच्या तर या दोन्ही दिशा एकत्र पाहाव्या लागतात.

सूचनांचे तीन प्रकार

नगरपरिषदेच्या कार्यालयातून बाहेर पडणारे कागद कामाच्या दृष्टीने तीन प्रकारांत मोडतात. पहिला प्रकार कळवणाऱ्या सूचनांचा. जलवाहिनीची दुरुस्ती, लसीकरणाची तारीख, आठवडी बाजाराची बदललेली जागा, गणेश विसर्जनाचे मार्ग, मोकाट जनावरांचा बंदोबस्त हे विषय त्यात येतात. दुसरा प्रकार विचारणाऱ्या सूचनांचा. कर आकारणीची यादी तयार झाली आहे, विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध झाले आहे, प्रभागांच्या सीमा ठरत आहेत; कोणाला काही म्हणायचे असल्यास अमुक तारखेपर्यंत लेखी म्हणावे, असे या सूचना सांगतात. तिसरा प्रकार बजावणाऱ्या सूचनांचा. थकबाकीची मागणी, अनधिकृत बांधकाम, धोकादायक इमारत अशा बाबतींत एका ठरावीक व्यक्तीच्या नावाने तो कागद निघतो. बोलीत याच प्रकाराला ‘नोटीस आली’ म्हणतात आणि हे वाक्य ऐकताच घरातल्यांचा चेहरा का बदलतो, ते कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

या तिन्हींमधला फरक त्या चुकल्यावर कळतो. कळवणारी सूचना चुकली तर एक दिवस गैरसोय होते, पाण्याचा टँकर मागवावा लागतो. बजावणारी सूचना चुकण्याची शक्यता कमी, कारण ती घरपोच येते. घर बंद असल्यास दारावर चिकटवली जाते. विचारणारी सूचना चुकली तर त्या दिवशी काहीच बिघडत नाही. नळ चालू असतो, दारावर कागद नसतो. वर्षा-दोन वर्षांनी कराचे बिल वाढून येते किंवा मोकळ्या जमिनीवर रस्त्याचे आरक्षण पडलेले दिसते. तेव्हा चौकशी केली की उत्तर मिळते : ‘हरकतींची मुदत होती, तुम्ही आला नाहीत.’ सर्वांत शांत सूचना सर्वांत महाग पडते.

दवंडीचा काळ

छापील कागदाच्या आधी दवंडी होती. हलगी किंवा ढोल वाजवत, चौकाचौकांत थांबत, आधी लोकांचे कान गोळा करायचे आणि मग मजकूर सांगायचा, अशी ती रीत. लग्नकार्यातली हाळी आणि सरकारी दवंडी यांत फरक होता : दवंडीमागे सत्तेचा हुकूम असे. सारा भरण्याची मुदत, साहेबाचा मुक्काम, लिलाव, साथीच्या रोगात घ्यायची खबरदारी हे सारे याच मार्गाने गावात पोहोचे. हे काम जातीशी बांधलेल्या वतनी चाकरीचा भाग होते. कनिष्ठ गावनोकर मानल्या गेलेल्या समाजांकडून वर्तमान पोहोचवण्याची कामे करून घेतली जात आणि मोबदला म्हणून तुटपुंजे वतन किंवा बलुते मिळे. मुंबई राज्याने १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गाववतने रद्द केली. गावाला बातमी सांगणाऱ्या माणसाला गावच्या निर्णयात मात्र जागा नव्हती, ही गोष्ट दवंडीच्या इतिहासातून वगळता येत नाही.

संपर्काचे साधन म्हणून दवंडीचे गुणही नोंदवण्याजोगे आहेत. ती वाचता न येणाऱ्यालाही कळे. ऐकणारा तिथल्या तिथे प्रश्न विचारू शके. शिवाय ती गल्लीत येई. लोकांना तिच्याकडे जावे लागत नसे. कायद्यानेही तिला मान्यता दिली. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत स्थावर मालमत्तेच्या जप्तीचा हुकूम जागेवर दवंडी पिटून किंवा अन्य रूढ पद्धतीने जाहीर करण्याची तरतूद आहे आणि ती आजही पुस्तकात आहे.

नगरपालिका या संस्थेबरोबर लेखी सूचना आली. १८५० च्या कायद्याने रहिवाशांनी मागणी केल्यास शहरासाठी पालिका स्थापण्याची सोय झाली. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावाने स्थानिक स्वराज्याला निवडणुकीचा पाया दिला. मुंबई इलाख्यातील जिल्हा नगरपालिकांसाठी १९०१ चा आणि मोठ्या शहरांसाठी १९२५ चा कायदा आला. विदर्भात मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९२२ चा कायदा चालत होता, मराठवाड्यात १९५६ चा हैदराबादचा. म्हणजे संयुक्त महाराष्ट्र झाला तेव्हा राज्यातील शहरे वेगवेगळ्या कायद्यांच्या पुस्तकांतून चालत होती. हे सारे एकत्र आणून १९६५ चा नगरपालिका अधिनियम झाला. आज तो महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायत व औद्योगिक नगरी अधिनियम या नावाने ओळखला जातो.

महाडचा ठराव

पालिकेने काही ठरवणे आणि ते शहरात प्रत्यक्ष खरे होणे यांत किती अंतर असू शकते, याचे सर्वांत मोठे उदाहरण महाडचे आहे. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या वर्गांना खुल्या कराव्यात, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. ठराव नोंदवहीत गेला. तळ्यावर मात्र काहीही बदलले नाही, कारण पाणी भरायला जाणाऱ्याला मारहाणीची भीती होती आणि त्याच्या पाठीशी पालिका उभी राहील याची खात्री नव्हती.

तीन वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. कागदावरच्या ठरावाची अंमलबजावणी ज्यांच्यासाठी तो झाला होता त्यांनीच केली. त्यानंतर पालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तळे खुले असल्याच्या बाजूने निकाल दिला. पहिल्या ठरावापासून या निकालापर्यंत तेरा वर्षे गेली. नगरपालिकेच्या नोंदवहीतील ओळ म्हणजे शहरातील वस्तुस्थिती नव्हे, हा धडा महाराष्ट्राने इतक्या मोठ्या किमतीला शिकलेला आहे.

आजची चौकट

राज्यघटनेची ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली आणि नागरी स्थानिक संस्थांना घटनेत स्थान मिळाले. बाराव्या अनुसूचीत त्यांच्यासाठी १८ विषय नोंदले गेले. महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक लोकसंख्येची ‘अ’ वर्ग, चाळीस हजारांपासून एक लाखापर्यंतची ‘ब’ वर्ग आणि त्याहून लहान ती ‘क’ वर्ग नगरपरिषद, अशी विभागणी आहे. खेड्याचे शहर होत असलेल्या ठिकाणी नगरपंचायत असते. लोकनियुक्त बाजूचा प्रमुख नगराध्यक्ष आणि प्रशासनाचा प्रमुख मुख्याधिकारी. जाहीर सूचनेखाली सही बहुधा मुख्याधिकाऱ्याची असते, मजकूर मात्र विभागाकडून येतो : कर विभाग, पाणीपुरवठा, आरोग्य, नगररचना, बांधकाम.

कागद निघताना त्याला जावक क्रमांक मिळतो. तारीख पडते, विषय आणि संदर्भ लिहिले जातात, खाली प्रती कोणाला पाठवल्या याची नोंद येते. सामान्य वाचकाला हा सारा सरकारी सोपस्कार वाटतो. पुढे वाद झाला तर सूचना निघाली होती का, केव्हा निघाली आणि तिचा आधार काय, हे ठरवणारा पुरावा हाच असतो.

विचारणाऱ्या सूचना

मालमत्ता कराची आकारणी दर चार वर्षांनी सुधारली जाते; कार्यालयात तिला ‘चतुर्वार्षिक आकारणी’ म्हणतात. करयोग्य मूल्यावर आधारित पद्धतीत मालमत्तेचे संभाव्य वार्षिक भाडे धरून त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करतात आणि उरलेल्या रकमेवर कर बसतो. त्यासाठी घरोघर मोजणी होते. बांधकाम पक्के की कच्चे, वापर राहण्याचा की दुकानाचा, मालक स्वतः राहतो की भाडेकरू आहे, या नोंदींवर आकडा ठरतो. नंतर यादी पाहण्यासाठी खुली होते आणि हरकतींसाठी किमान ३० दिवसांची जाहीर सूचना निघते. पहिल्यांदाच आकारणी झालेल्या किंवा आकारणी वाढलेल्या मालमत्तेच्या धारकाला स्वतंत्र नोटीसही जाते. हरकत घेणाऱ्याला सुनावणी मिळते आणि मग यादी अंतिम होते.

या टप्प्यावर चूक दुरुस्त होणे सोपे असते. पडवीची गणना खोलीत झाली, बंद पडलेल्या दुकानाला चालू धरले, क्षेत्रफळ चुकीचे लिहिले, तर जागा पुन्हा मोजून आकडा बदलता येतो. यादी अंतिम झाल्यावर हीच चूक अपिलाचा विषय होते. तीस दिवसांत एका अर्जाने होणारे काम पुढे वकिलापर्यंत जाऊ शकते.

विकास आराखडा हा त्याहून मोठा विषय. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे नियोजन प्राधिकरण, म्हणजे बहुतेक शहरांत नगरपरिषदच, आधी आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते. विद्यमान जमीन वापराचा नकाशा होतो आणि त्यावरून प्रारूप आराखडा राजपत्रात व वर्तमानपत्रांत प्रसिद्ध केला जातो. हरकती व सूचनांसाठी पूर्वी ६० दिवस मिळत. आता ३० दिवस मिळतात. हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. सुनावणीनंतर आराखडा शासनाकडे मंजुरीला जातो. मंजूर आराखडा पुढे वीस वर्षांच्या हिशेबाने शहर घडवतो : शाळेची जागा, बगीचा, रुंद होणारा रस्ता, स्मशानभूमी, बाजार. वीस वर्षांच्या शहरावर बोलण्यासाठी तीस दिवस, हे प्रमाण लक्षात घेतले की त्या एका सूचनेचे मोल कळते.

याच कायद्यात सूचनेची दिशा उलटी करणारे एक कलम आहे. आरक्षित केलेली जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर कलम १२७ प्रमाणे जमीनमालक पालिकेला नोटीस देऊ शकतो. त्यानंतर ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. ही मुदत मूळ सहा महिन्यांची होती, २०१५ च्या दुरुस्तीनंतर ती २४ महिने झाली. इथे नोटीस बजावणारा नागरिक आहे आणि घड्याळ पालिकेच्या डोक्यावर चालते. ‘नोटीस’ हा शब्द नेहमीच वरून खाली येत नाही, याची ही कायदेशीर साक्ष.

निवडणुकीच्या सूचनाही विचारणाऱ्याच असतात. प्रारूप प्रभाग रचना, प्रारूप मतदार यादी आणि आरक्षण सोडत हे टप्पे मतदानाच्या कितीतरी आधी पार पडतात. मतदानाच्या दिवशी केंद्रावर नाव न सापडल्याची तक्रार दर निवडणुकीत होते. नाव शोधण्याची खरी वेळ प्रारूप यादी फलकावर लागली तेव्हा होती.

सभेची नोटीस

नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेसाठी सदस्यांना सात पूर्ण दिवसांची आणि विशेष सभेसाठी तीन पूर्ण दिवसांची नोटीस द्यावी लागते. ‘पूर्ण दिवस’ म्हणजे नोटीस दिल्याचा आणि सभेचा असे दोन्ही दिवस सोडून मधले दिवस. नोटिशीसोबत विषयपत्रिका असते. शहराच्या कारभाराची सर्वांत भरवशाची बातमी या विषयपत्रिकेतच असते. कोणत्या कामाला मंजुरी, कोणता ठेका, कोणत्या जागेचे भाडे, कोणत्या रस्त्याचे नामकरण, हे निर्णय होण्याआधी तिथे दिसते. वर्तमानपत्रात बातमी येते ती निर्णय झाल्यावर, आणि बहुधा गोंधळ झाला तरच. सभा सामान्यतः जनतेला खुली असते. प्रेक्षकांच्या खुर्च्या मात्र बहुतेक वेळा रिकाम्या असतात.

अर्थसंकल्पाची विशेष सभा यांतील सर्वांत महत्त्वाची. १ एप्रिलला वर्ष सुरू होण्याआधी ती होते. करातून काय येणार, शासनाच्या अनुदानातून काय, पगार, वीजबिल आणि पाणी यांवर किती जाणार, नव्या कामाला किती उरणार, हे त्या अंदाजपत्रकात मांडलेले असते. गल्लीतल्या गटाराचे काम का होत नाही याचे उत्तर पुष्कळदा तिथेच सापडते.

खेड्यात ग्रामसभा आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या तारखा गावकऱ्यांच्या तोंडी आहेत. शहरवासीयांना अशी सभा नव्हती. २००९ च्या दुरुस्तीने महाराष्ट्रातील शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद झाली. प्रभागातील मतदारांनी एकत्र येऊन कामांचा अग्रक्रम सुचवावा ही तिची कल्पना. ग्रामसभेसारखी ती लोकांच्या सवयीत रुजली नाही. शहराकडे ग्रामसभेचा कायदा आला, ग्रामसभेची तारीख आली नाही.

सभेच्या नोटिशीचे मोल ती नाहीशी झाल्यावर विशेष जाणवले. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा आणि प्रभाग रचनेचा वाद न्यायालयात असल्याने निवडणुका लांबल्या आणि मुदत संपलेल्या बहुसंख्य नगरपरिषदांवर प्रशासक आले. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निवडणुका घेण्याचे निर्देश दिले आणि २ डिसेंबर २०२५ रोजी राज्यातील नगरपरिषदा व नगरपंचायतींसाठी मुख्य मतदान झाले. मधल्या काळात अनेक शहरांत ‘प्रशासक तथा मुख्याधिकारी’ अशा एकाच सहीखाली ठराव होत राहिले. सभा नाही म्हणून विषयपत्रिका नाही, विषयपत्रिका नाही म्हणून आधी कळण्याची सोय नाही. कारभार चालू होता, त्याची पूर्वसूचना थांबली होती.

रोजच्या सूचना

कळवणाऱ्या सूचनांत पाण्याचा क्रमांक पहिला. ‘कमी दाबाने’, ‘अनियमित’, ‘एक दिवसाआड’ हे शब्द शहरातील लहान मुलांनाही येतात. पाण्याची सूचना उपयोगी ठरण्यासाठी चार गोष्टी लागतात : कोणता भाग, किती वाजल्यापासून, पुन्हा केव्हा आणि तोवर पर्याय काय. भागाचे नाव नकाशातले असून चालत नाही. लोक टाकीच्या, देवळाच्या किंवा जुन्या नाक्याच्या नावाने वस्ती ओळखतात. प्रभाग क्रमांक निवडणुकीबरोबर बदलतो.

आरोग्य विभागाच्या सूचनांना मुदतीची बाजू असते. जन्म आणि मृत्यूची नोंद १९६९ च्या कायद्याप्रमाणे २१ दिवसांत करायची असते. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, पुढे एक वर्षापर्यंत वरिष्ठांची परवानगी आणि वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. घरी झालेला मृत्यू आणि त्यानंतर गावी गेलेले कुटुंब, अशा प्रसंगी ही मुदत हमखास निसटते. मग वारस नोंदीच्या वेळी सारे अडते. कचऱ्याच्या बाबतीत घंटागाडी ही स्वतःच एक सूचना आहे. घंटा वाजली की ओला आणि सुका डबा घेऊन माणसे दारात येतात. कागदाची गरज पडत नाही.

पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींच्या याद्या लागतात. महाराष्ट्रात त्यांचे सी-१, सी-२अ, सी-२ब, सी-३ असे वर्ग करतात. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, तातडीने रिकामी करून पाडण्याची इमारत. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. यादीत इमारतीचे नाव दिसूनही लोक राहतात, कारण सूचना ‘निघा’ म्हणते, ‘कुठे जा’ ते सांगत नाही. भाडेकरूला घर सोडल्यावर हक्क जाण्याची भीती असते. पर्यायाविना दिलेली सूचना जबाबदारी झटकण्याच्या कामी येते, जीव वाचवण्याच्या कामी कमी.

चांगल्या सूचनेचा नमुना पाहायचा तर कृष्णा-पंचगंगेच्या काठावर जावे. कोल्हापूर आणि सांगली इथे महानगरपालिका आहेत, तरी हा नमुना कोणत्याही लहान शहराने घ्यावा असा आहे. कोल्हापूरजवळ राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ फूट. पावसाळ्यात हे आकडे चहाच्या टपरीवर बोलले जातात. कोल्हापुरात सुतारवाड्याला आणि सांगलीत सूर्यवंशी प्लॉटला आधी निघावे लागते, हे लोकांना ठाऊक असते. जागा ठरलेली, मोजमाप ठरलेले, अर्थ ठरलेला. म्हणून ‘एक्केचाळीस फूट’ एवढे दोन शब्द पूर्ण सूचना होतात. २०१९ च्या महापुराने या खुणाही मागे टाकल्या, तेव्हा धोका पातळीच्या पुढचा प्रत्येक फूट कोणत्या गल्लीत पोहोचतो हेही आधी सांगायला हवे, अशी नवी गरज पुढे आली.

शब्दांशिवायची सूचनाही परिणामकारक असते. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे मोबाईल व दूरचित्रवाणी बंद ठेवून मुले अभ्यासाला बसतात. हा निर्णय सर्वांनी मिळून घेतला होता, म्हणून भोंग्याला अर्थ आला. न विचारता वाजवलेला भोंगा नुसता आवाज ठरला असता.

सूचनेची भाषा

महाराष्ट्रात राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने स्थानिक प्राधिकरणांच्या कामकाजातही मराठी बंधनकारक झाली. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने शासनव्यवहारासाठी परिभाषा तयार केली. त्यामुळे सूचना मराठीत असते. ती मराठी कोणाची, हा प्रश्न उरतो.

नमुन्यादाखल एक वाक्य पाहावे : ‘तांत्रिक कारणास्तव शहरातील काही भागांत पाणीपुरवठा होऊ शकणार नाही, सबब संबंधितांनी नोंद घ्यावी.’ व्याकरणात दोष नाही. पण ‘काही भाग’ म्हणजे कोणते, ‘तांत्रिक कारण’ म्हणजे काय आणि ‘संबंधित’ कोण, हे वाचकाने ओळखायचे आहे. प्रत्येक जण आपण संबंधित नसावे अशी आशा धरतो आणि पान उलटतो. तीच गोष्ट अशीही सांगता येते : ‘मुख्य जलवाहिनीची गळती काढायची असल्याने गुरुवारी जुन्या टाकीवरील सर्व वस्तीत पाणी येणार नाही. शुक्रवारी दुपारी बारानंतर कमी दाबाने येईल. बुधवारी रात्री पाणी भरून ठेवावे.’ हे वाचून माणूस बादली उचलतो.

‘करण्यात येते’, ‘कळविण्यात येते’, ‘निदर्शनास आले आहे’ या कर्मणी रचनांत करणारा दिसत नाही. ‘सदर’, ‘सबब’, ‘उपरोक्त’ हे शब्द कचेरीतून आले आणि कचेरीतच राहिले. कायद्याच्या कागदात काही शब्द अटळ असतात. ‘आकारणी’ला आकारणीच म्हणावे लागेल. मात्र कायदेशीर मजकुराच्या वर चार ओळींत साधा सारांश देण्याला कोणताही कायदा आड येत नाही. सूचना कोणासाठी आहे, काय करायचे आहे, कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या खिडकीवर, एवढे त्या सारांशात पुरते.

फलक, वर्तमानपत्र, मोबाईल

सूचना प्रसिद्ध करण्याची तीन ठिकाणे आज रूढ आहेत. कार्यालयाचा सूचनाफलक हे पहिले. तो काचेच्या कपाटात असतो, काचेला कुलूप असते आणि आत जुन्या कागदांवर नवे कागद टाचलेले असतात. दुसरे ठिकाण वर्तमानपत्राचे आतले पान. ‘जाहीर नोटीस’, ‘ई-निविदा सूचना’, हरवलेल्या दस्ताची जाहिरात यांच्यामध्ये बारीक टायपात विकास आराखड्याची सूचना बसते. तिसरे ठिकाण मोबाईल. प्रभागाच्या व्हॉट्सॲप गटावर सूचनेचा फोटो येतो आणि पाच मिनिटांत शहरभर होतो. भोंगा लावलेली रिक्षा अजूनही फिरते आणि दवंडीचे काम तीच करते.

प्रत्येक साधनाची उणीव वेगळी आहे. फलकाला वाचक कमी, वर्तमानपत्रातल्या नोटिशीकडे लक्ष कमी आणि मोबाईलवर खात्री कमी. गटावर फिरणाऱ्या चित्रात वरची तारीख कापलेली असते, त्यामुळे गेल्या वर्षीची पाणीबंदी या वर्षी पुन्हा जाहीर होते. जावक क्रमांक, तारीख आणि सही यांचे मोल इथे लक्षात येते : या तीन खुणा नसलेला मजकूर पुढे पाठवू नये.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ या बाबतीत स्पष्ट आहे. कलम ४ प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने १७ बाबींची माहिती कोणी न मागता स्वतःहून प्रसिद्ध करायची आहे. ती प्रसिद्ध करताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरणारे साधन यांचा विचार करावा, असेही कायदा म्हणतो. सूचनाफलक, वर्तमानपत्र, जाहीर पुकारा, प्रसारमाध्यमे आणि इंटरनेट ही साधने त्याने नावानिशी सांगितली आहेत. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने आणखी एक फलक आणला : कोणती सेवा, किती दिवसांत, किती शुल्कात, जबाबदार अधिकारी कोण आणि अपील कोणाकडे. विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद त्यात आहे. कार्यालयात शिरताना हा फलक वाचणारा नागरिक खिडकीवर वेगळ्या स्वरात बोलतो.

पोच

हरकत लिहायला वकील लागत नाही. साधा कागद, नाव व पत्ता, मालमत्ता क्रमांक किंवा भूमापन क्रमांक, ज्या सूचनेवर हरकत आहे तिचा जावक क्रमांक व तारीख, हरकतीचे कारण आणि अपेक्षित बदल, एवढ्यात ती पूर्ण होते. एकाच गल्लीतील दहा जणांचा प्रश्न एकच असला तरी प्रत्येकाने स्वतंत्र अर्ज द्यावा, कारण सुनावणी अर्जदाराला मिळते. सोबत फोटो, मोजमाप किंवा जुनी कर पावती जोडावी. रागाची भाषा सुनावणीत उपयोगी पडत नाही, आकडा पडतो.

नगरपरिषदेच्या कार्यालयात दोन नोंदवह्या शेजारी शेजारी असतात, जावक आणि आवक. पालिकेची सूचना जावक वहीतून शहरात येते, शहराची सूचना आवक वहीतून पालिकेत जाते. शहराचा कारभार कसा चालला आहे हे पाहायचे असेल तर दुसरी वही किती भरली ते पाहावे. त्या वहीत आपला कागद चढला की अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक मिळतो. त्याला पोच म्हणतात. ती हातात पडल्याशिवाय खिडकी सोडू नये.